भुजंगरावांच्या विमानाचं नाक

माणसानं निवृत्तीनंतर काय करावं याबद्दल परभणीत एकमत आहे. सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं फिरून यावं, दुपारी झोपावं, आणि जे अजून नोकरीत आहेत त्यांना संध्याकाळी सल्ले द्यावेत. भुजंगरावांनी विमान आणलं.

विमान तसं छोटंच होतं. दोन माणसं खेटून बसतील एवढं. बंद पडलेल्या एका फ्लाइंग क्लबच्या लिलावात ते भंगार म्हणून निघालं होतं. पंख वेगळे काढून, कापसाच्या ट्रकातून ते जिंतूर रोडवरच्या त्यांच्या कॉलनीत आलं, तेव्हा लोकांनी आपापल्या परीनं अर्थ लावले. कोणी म्हणालं, भुजंगराव मंगल कार्यालय काढायलेत, नवरदेव ह्यातूनच उतरणार. शेजारचे दत्तराव भूमी अभिलेख खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आधी टेप लावून विमान मोजलं आणि मगच तोंड उघडलं.

"भुजंगराव, पंख लावले की तुमचा डावा पंख माझ्या हद्दीत येतो बगा. पण येऊ द्या. आपलं घरचंच हाय."

भुजंगराव स्वतः पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. सबंध नोकरीत त्यांनी एकाच कालव्याची अंदाजपत्रकं केली. आधी अंदाजपत्रक, मग सुधारित अंदाजपत्रक, मग सुधारिताचं सुधारित. कालव्यातून पाणी काही गेलं नाही, बाभळी मात्र जोरात आल्या. निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्यांच्या निष्ठेचं कौतुक केलं, टाळ्या वाजल्या, आणि शाल-श्रीफळ मांडीवर घेऊन रिक्षातून घरी येताना भुजंगरावांच्या ध्यानात आलं, की बोट दाखवून 'हे मी केलं' म्हणावं अशी एक वस्तू आपल्यापाशी नाही. हे त्यांना फार लागलं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. बायकोला, राजेश्रीबाईंना, सांगायची गरज नव्हती. विमान अंगणात उतरलं त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचं हे इमान तरी पूर्ण करा म्हंजे झालं."

आणि खरं सांगायचं तर भुजंगरावांनी बरंच पूर्ण केलं होतं. चाकं फिरत होती, पंख सरळ झाले होते, इंजिन सुरू झालं होतं. ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा दत्तरावांच्या घरचं दूध नासलं असा त्यांच्या मंडळींचा दावा आहे, पण तो वेगळा विषय. उरलं होतं फक्त नाक. म्हणजे इंजिनावरचं पुढचं झाकण. जुनं झाकण तडकलेलं होतं. एखाद्यानं चार टवके भरून, रंग मारून भागवलं असतं. पण भुजंगरावांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला.

त्या व्हिडिओत परदेशातला एक माणूस स्वच्छ शेडमध्ये उभा होता. त्यानं साच्यावर कार्बन फायबर नावाचं काळं, चटईच्या विणीचं कापड अंथरलं, ब्रशनं त्यावर रेझिन नावाचं चिकट रसायन लावलं, वरून प्लास्टिक घालून आतली हवा खेचून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी कडक, चकचकीत काळं झाकण साच्यावरून अलगद उचललं. लोखंडाला ऐकणार नाही असं मजबूत आणि वजनाला सुपाएवढं. व्हिडिओत घाम नव्हता, वीज जात नव्हती आणि त्या माणसाला सासूबाई नव्हत्या. भुजंगरावांनी त्याच दिवशी कापड मागवलं.

कापड आलं त्या आठवड्यात शहरात मंत्र्यांचा दौरा होता. मंत्री येणार म्हटलं की आपल्याकडे काळ्या रंगाला अवकळा येते. काळे रुमाल, काळ्या छत्र्या, एकदा तर एका म्हाताऱ्याची काळी घोंगडीसुद्धा सभेच्या दारात काढून ठेवलेली लोकांना आठवते. त्यात कोणीतरी भुजंगरावांच्या पत्त्यावर काळ्या कापडाची भलीमोठी गुंडाळी येताना पाहिली. संध्याकाळी हवालदार आदिनाथ दारात हजर.

"साहेब, एवढं काळं कापड कामून मागवलंव?"

"विमानाला."

"इमानाला काळे झेंडे दाखवता? मंत्री तर गाडीनं यायलेत."

"झेंडे न्हाईत हो! त्याचं नाक करायचंय. कडक करायचंय कापडाचं."

हवालदारांनी अंगणातल्या विमानाकडे पाहिलं, भुजंगरावांकडे पाहिलं, आणि दोन्हींविषयी एकच मत झाल्यासारखी मान हलवली. एवढ्यात मदतीला दत्तराव आले. "आदिनाथराव, माणूस लय सज्जन हाय. मागच्या मंत्र्याला काळे झेंडे दाखवले तव्हा तर ह्यो गावातच नव्हता. कुठं गेलता ते मात्र आजून कुणाला मालूम न्हाई." या साक्षीनंतर कापड ठाण्यात जमा झालं. दौरा संपला की परत, असं ठरलं.

दौरा पुढे ढकलला गेला. मग पुन्हा ढकलला गेला. भुजंगरावांचा राजकारणाशी आयुष्यात संबंध आला नव्हता. पण त्या दिवसांत ते रोज सकाळी पेपर उघडून मंत्र्यांच्या प्रकृतीची सख्ख्या माणसासारखी चौकशी करत. अखेर मंत्री आले, गेले, आणि कापड परत मिळालं. ठाण्यातल्या मंडळींनी ते आपुलकीनं साडीसारखं घडी घालून, वर दाबून ठेवलं होतं. कार्बनच्या कापडाला घडी चालत नाही. घडीवर धागा मोडतो. भुजंगरावांनी आभार मानले आणि घरी येऊन घड्यांवर हात फिरवत बराच वेळ बसले. घड्या टाळून कापलं तर कसंबसं एका नाकापुरतं कापड निघत होतं. एकाच नाकापुरतं.

साच्याचं काम सिद्धोधनकडे होतं. सिद्धोधन छताला प्लास्टर ऑफ पॅरिसची नक्षी करणारा. परभणीतल्या अर्ध्या हॉलांची छतं त्याच्या हातची. त्यानं जुन्या झाकणाच्या मापानं नाक हुबेहूब उभं केलं, आणि हात सवयीचा असल्यामुळे टोकावर एक आठ पाकळ्यांचं फूल काढलं.

"हे काय?" भुजंगराव किंचाळले.

"डिझाइन हाय साहेब. फुकट दिलंय. मोकळं मोकळं दिसायलतं."

फूल घासून काढावं लागलं. त्यात सिद्धोधन दुखावला, आणि त्याला चहा देताना राजेश्रीबाईंनी 'फूल चांगलंच होतं की' असं म्हटल्यामुळे भुजंगरावही दुखावले.

मग रेझिनची चाचणी. रेझिनमध्ये दुसऱ्या बाटलीतलं औषध मिसळलं की ते हळूहळू घट्ट होतं. 'हळूहळू' हा शब्द त्या थंड देशातल्या व्हिडिओतला. परभणीच्या मे महिन्यात, भर दुपारी, भुजंगरावांनी ते वरणाच्या पातेल्यात पळीनं ढवळलं. पाहता पाहता पातेल्यातून धूर निघाला, पातेलं हात लावू देईना, आणि ढवळणं मध्येच थांबलं, कारण पळी हलेना. पळी पातेल्यात उभी राहिली ती आजही उभी आहे. राजेश्रीबाईंनी ते पातेलं दिवाणखान्यात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडेल असं ठेवलं. त्या काही बोलल्या नाहीत, आणि बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं भुजंगरावांना वाटलं.

यापुढे काम पहाटे गारव्यात करायचं आणि ऊन चढलं की गच्चीवर तापवून पक्कं करायचं असं ठरलं. पण मे महिन्यातली गच्ची ही पुरुषांच्या मालकीची वस्तू नाही. झरीहून सासूबाई, मनकर्णाबाई, खास कुरडयांसाठी आल्या होत्या. गव्हाचा चीक शिजत होता, सोऱ्या फिरत होता, आणि सगळी गच्ची पांढऱ्या कुरडयांनी भरली होती. बऱ्याच बोलण्यांनंतर पाण्याच्या टाकीकडचा कोपरा विमानाला मिळाला. कुरडयांवर रेझिनचा वास येता कामा नये, आणि नाकावर कावळा बसला तर हाकलायची जबाबदारी ज्याची त्याची, या अटींवर.

साच्याला भुजंगरावांनी मेण लावलं. झाकण साच्यावरून सुटून यायला हे मेणच कारण. एक थर, तो चोळून चमकवायचा, मग दुसरा, मग तिसरा. त्यांनी मेण एवढ्या मनापासून चोळलं की साच्यात चेहरा दिसू लागला. संध्याकाळी ते समाधानानं खाली आले.

पहाटे सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. कापड बसलं, रेझिन मुरलं, फ्रीजवाल्याकडून आणलेल्या कॉम्प्रेसरनं प्लास्टिकमधली हवा खेचली, वीजही गेली नाही. दिवसभर ऊन असं तापलं की कुरडया आणि कार्बन एकाच वेळी कडक वाळले. दुसऱ्या दिवशी, कॉलनीतली मंडळी जमलेली असताना, भुजंगरावांनी दोन्ही हातांनी झाकण धरलं आणि त्या परदेशी माणसासारखं अलगद उचललं.

साचा सोबत उचलला गेला.

त्यांनी हलवलं, ओढलं, पाचर मारली. झाकण आणि साचा जन्माची गाठ असल्यासारखे एकमेकांना धरून होते. भुजंगरावांना घाम फुटला. मेण तर त्यांनी स्वतःच्या हातानं लावलं होतं.

"जावईबापू," मनकर्णाबाई कुरडया उलटता उलटता म्हणाल्या, "तुमी त्याला काय चोपडलं व्हतं वो? निस्तं तेलकट झालतं. तुमी निजायला गेलाव अन् म्या साबनाचा चुरा लावून चांगलं घासून काढलं. नवं काम असं तेलकट हातानं सुरू करत्यात व्हय? वर कुकवाचा सातिया बी काढला. अंधारात दिसला नसंल तुमाला."

जावयानं सासूला रागवायची सोय आपल्याकडे नाही. सासूनं घर जाळलं तरी जावयानं 'ऊब चांगली आली' असंच म्हणायचं असतं. भुजंगरावांच्या कपाळावरची शीर उडत होती. "बरं केलं आई," ते म्हणाले, जिना उतरून खाली गेले, आणि फ्रीजच्या कॉम्प्रेसरला बराच वेळ वाटेल ते बोलले.

आता सल्ल्यांना ऊत आला. दत्तराव म्हणाले बर्फात ठेवा. गॅरेजवाला राम म्हणाला, आतून जॅक लावतो, एका दणक्यात सुटतंय का न्हाई बगा, पण कोणत्या बाजूनं सुटंल ते सांगता येत न्हाई. समोरच्या सविताबाईंनी इडलीपात्राला लावतात तसं खालून गार पाणी लावायला सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यातल्या त्यात हाच सल्ला शहाणपणाचा होता. भुजंगरावांनी बर्फ लावला, पाणी लावलं, जॅकला नम्रपणे नकार दिला. शेवटी एकच मार्ग उरला. साचा आतून फोडायचा.

त्यांनी छिन्नी घेतली आणि गच्चीच्या कोपऱ्यात मांडी ठोकली. प्लास्टरचा एकेक टवका काढायचा, झाकणाला ओरखडा येऊ द्यायचा नाही. शाल पांघरल्यासारखी पांढरी धूळ अंगावर. राजेश्रीबाई अधूनमधून पाण्याचा तांब्या आणून ठेवत, आणि का कोण जाणे, रिकामा तांब्या न्यायला दरवेळी थोड्या जास्त थांबत. शेवटचा टवका निघाला तेव्हा हातात नाक आलं. काळं, कडक, वीण सापासारखी चमकणारी. आतल्या अंगाला रेझिनखाली मनकर्णाबाईंचं कुंकवाचं स्वस्तिक कायमचं गोठलं होतं. बाकी एक दोष नाही.

मनकर्णाबाईंनी ते एका हातानं उचललं. "आगं बया! सुपाएवढंच हाय की!"

भुजंगरावांनी ते विमानाला लावून पाहिलं. भोकाला भोक जुळलं. त्या दिवशी ज्याला वेळ होता त्याला, आणि ज्याला नव्हता त्यालाही, त्यांनी अंगणात बोलावून बोट दाखवलं आणि सांगितलं, हे मी केलं. दूधवाल्याला दोनदा सांगितलं.

पण सरकारी कागदाशिवाय विमानाला नाक असलं काय आणि नसलं काय, सारखंच. परवान्यासाठी भुजंगरावांनी अर्ज केले होते. एका कचेरीनं विमान कोणत्या गटात उभं आहे त्याचा सात-बारा मागितला. दुसरीनं उलट टपाली ट्रॅक्टरचा फॉर्म पाठवला. अखेर एकदाचं ठिकाण सापडलं, आणि घरी बनवलेल्या भागाची तपासणी करायला एक साहेब येणार असं कळलं.

राजेश्रीबाईंनी त्यावर आपलं म्हणणं मांडलं. "हे बगा, पास झालं तर ऱ्हाऊ द्या तुमचं इमान. मी शब्द काढणार न्हाई. न्हाई झालं तर त्याच दिवशी भंगारात. मला अंगण पायजे." आणि नंतर मन बदलू नये म्हणून त्यांनी भंगारवाल्याला तपासणीच्या दिवशीच बोलावून ठेवलं. साहेब आले तेव्हा तो हातगाडी घेऊन फाटकाशी उभा होता. भुजंगरावांनी साहेबांना पाणी दिलं, तसं त्यालाही दिलं. वैर विचारांचं असतं, तहानेचं नसतं.

साहेब तरुण, काटेकोर आणि हसायचं राहून गेलेले असे होते. त्यांनी खिशातून एक नाणं काढलं आणि झाकणावर सगळीकडे टकटक करत, कान लावून ऐकत फिरले. आत कुठे थर सुटला असेल तर आवाज बसका येतो.

"टरबूज पारखायलाय का ह्यो?" मनकर्णाबाईंनी मोठ्यानं विचारलं.

टरबूज पक्कं निघालं. स्वस्तिक पाहून साहेबांनी भुवई वर केली, ते कशाचं आहे विचारलं, उत्तर ऐकलं आणि नोंदीत 'आतील बाजूस लाल खूण' एवढंच लिहिलं. मग म्हणाले, "आता वजनाची चाचणी."

दत्तरावांनी पिंगळीच्या शेतातलं सोयाबीन भाव यायची वाट बघत पोत्यांत भरून घरातच साठवलं होतं. ते कट्टे कामी आले. दोन बाकांवर कडा टेकवून नाक उपडं ठेवलं, वर फळी, आणि फळीवर एकेक कट्टा. कॉलनी श्वास रोखून उभी. कट्ट्यांवर कट्टे चढले. फळी वाकली, बाक करकरले, नाक ढिम्म. साहेबांनी ठरवलेलं वजन गाठलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. दत्तरावांनी मूठ आवळून हात वर केला. भुजंगरावांनी राजेश्रीबाईंकडे पाहिलं, आणि त्या हसल्या.

"चालू द्या," साहेब म्हणाले.

"काय चालू द्या?"

"वजन. मोडेपर्यंत टाकायचं. कुठे मोडतं आणि कसं मोडतं, हे पाहिल्याशिवाय मला लिहिता येत नाही. दोन नमुन्यांपैकी एक मोडायचा असतो. दुसरा कुठे आहे?"

सगळ्यांनी भुजंगरावांकडे पाहिलं.

"दुसरा न्हाई साहेब," भुजंगराव म्हणाले. "कापड एकापुरतंच उरलं. साचा फुटला."

साहेबांनाही थोडं वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग तुम्ही ठरवा. हा ठेवायचा असेल तर ठेवा. शोभेला छान आहे. पण मग कागद मिळणार नाही."

"साहेब, ठरल्यालं वजन तर पेललं की त्यानं!" दत्तराव कळवळून म्हणाले. "मीसुद्धा मोजणीतला माणूस हाय. शेत मोजायला शेत फोडावं लागत न्हाई!"

भुजंगराव नाकाजवळ जाऊन उभे राहिले. त्यांना फार वाईट वाटत होतं. सगळ्या आयुष्यात बोट दाखवायला मिळालेली ही एक वस्तू, आणि ती त्यांच्या घरात चार दिवसही राहिली नव्हती. ठेवली असती तर दिवाणखान्यात पळीच्या पातेल्याशेजारी राहिली असती, आणि लोक म्हणाले असते, वा. पण ते नाक इंजिनावर बसायला केलं होतं. त्यांनी राम गॅरेजवाल्याला बाजूला सारलं, कट्टा स्वतः पाठीवर घेतला आणि फळीवर ठेवला. मग दुसरा. त्यानंतरचा ठेवताना त्यांनी डोळे मिटले.

आवाज काही फार मोठा झाला नाही. वाळलेली फांदी मोडावी तेवढाच. कट्टे घसरले, एक फुटून सोयाबीन अंगणभर पसरलं, आणि नाकाचे दोन तुकडे झाले.

साहेबांनी गुडघ्यावर बसून मोडलेली कड भिंगातून बारकाईनं पाहिली. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "उत्कृष्ट! एकही थर सुटलेला नाही. इतकं सुरेख मोडलेलं मी क्वचितच पाहिलं आहे." त्यांनी सही केली, शिक्का मारला, हात मिळवला आणि गाडीत बसून गेले. कागदावर लिहिलं होतं: सदर भाग उड्डाणास योग्य आहे.

कागद हातोहात फिरला. प्रत्येकानं तो वाचून खाली पडलेल्या दोन तुकड्यांकडे पाहिलं आणि पुढच्याच्या हातात दिला. हळूहळू अंगण रिकामं झालं. भुजंगराव पायरीवर बसले, एक तुकडा मांडीवर घेऊन. भंगारवाला मोकळ्या जागेचा अंदाज घेत आत आला.

"बाई, मंग उचलू का?"

"काय उचलायलाव?" राजेश्रीबाई कडाडल्या. "पास झालंय ते! शिक्का दिसंना का तुमाला?"

"आवो पण तुटलंय की."

"तुटलं म्हणूनच पास झालंय. जावा तुमी."

भंगारवाला आयुष्यात पुष्कळ तुटकं सामान पाहिलेला माणूस. तो गाडी वळवून निघून गेला. मनकर्णाबाई सूप घेऊन सोयाबीन भरायला बसल्या. राजेश्रीबाई नवऱ्याशेजारी पायरीवर टेकल्या, दुसरा तुकडा उचलून त्यांनी उलटसुलट पाहिला, पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली.

"उठा," त्या म्हणाल्या. "सिद्धोधनला फोन लावा. ह्या बारीला दोन करू. एक साहेबाला मोडायला, अन् एक आपल्या इमानाला."

विमान अंगणात आल्यापासून ते पहिल्यांदाच 'आपलं' झालं होतं. भुजंगरावांना ते बरोबर ऐकू आलं. ते नुसते 'हाव' म्हणाले आणि फोन शोधायला आत गेले.